मामींच्या ड्रायरचा ड्रम

आमच्या घरात 'कायला' असा एक शब्द आहे. तो धड मराठी नाही, धड तमिळ नाही. तमिळमध्ये 'काय' म्हणजे वाळणं. माझ्या मुलीनं शाळेत असताना त्याला आपला मराठी 'ला' चिकटवला आणि "आई, युनिफॉर्म कायला टाकलास का?" असं विचारायला लागली. मी दोन-चारदा सुधारून पाहिलं, मग सोडून दिलं. आता ती बंगळुरूला नोकरी करते आणि इकडे चेन्नईत आम्ही नवराबायको अजून कपडे कायलाच टाकतो. या एका शब्दानं माझे सहा दिवस खाल्ले.

मी जुनी वॉशिंग मशिनं आणि ड्रायर जमवते आणि चालू करते. सध्या सात आहेत. आमच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये आम्हाला दोन गाड्यांची जागा आहे आणि गाडी एकच आहे, म्हणून मशिनं दुसऱ्या जागेत उभी असतात. पहिलं मशीन आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी क्वार्टर्समधून आलं. बदली होऊन निघालेलं कुटुंब ते फेकणार होतं, कारण पाणी गळत होतं. उघडून पाहिलं तर एक रबरी वायसर चिरलेला. बाकी सगळं ठणठणीत! माणसं एका वायसरपायी अख्खं मशीन टाकून देतात याचा मला तेव्हा जो राग आला, तो अजून गेलेला नाही. लोकांनी पितळी दिवे, जुनी नाणी जमवली की तो छंद ठरतो. माझ्या बाबतीत मात्र नवरा शेजाऱ्यांना सांगतो, "हिचं वृद्धाश्रमाचं काम चालू आहे खाली."

माझी एक वही आहे. प्रत्येक मशीनला चार पानं. काय बिघडलंय, काय मागवलंय, काय आलं नाही, कोणाला फोन करायचा. ऑफिसात मी प्लॅनिंग बघते, त्यामुळे यादी केल्याशिवाय मला पाना हातात धरवत नाही.

तळमजल्यावर एक मामी राहत होत्या. सगळी इमारत त्यांना मामीच म्हणायची. निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी ऐकताना मला माझ्या पणजीचं पत्र कोणीतरी मोठ्यानं वाचतंय असं वाटायचं, मध्येच तमिळ 'मा' लावून. त्यांच्याकडे एक ड्रायर होता. यजमान आखातात नोकरीला होते तेव्हा त्यांनी आणलेला, पांढरा, गोल काचेच्या दाराचा. बारा वर्षं बंद. मामी आता तिरुचीला मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. मुलीनं फोनवर सांगून टाकलं होतं, "चालत असेल तर आण. नाहीतर तिथंच भंगारात दे, माझ्याकडे शोभेला ठेवायला जागा नाही."

मामींनी दुसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठलं. "तूं करशील मा. तीन आठवड्यांनीं सोमवारीं ट्रक येतो. त्याच्या आधीं."

मी हो म्हटलं. ही माझी पहिली चूक.

हीटरच्या एलिमेंटची तार तुटली होती, ती बदलली. बेल्टचे तुकडे झाले होते. तीन दुकानांनी "येईल, येईल" म्हणत दहा दिवस काढले आणि शेवटी चौथ्यानं एका मिनिटात काढून दिला. राहिली होती ती फेल्टची पट्टी. ड्रमच्या काठाला ही जाड लोकरी पट्टी असते, ती नसली तर कपडे फटीत अडकून फाटतात. मंगळवारी सकाळी मी पट्टी चिकटवली आणि ड्रम आवारात उन्हात ठेवला. गोंद कडक वाळायला हवा होता, आणि तीननंतर समुद्राकडून दमट वारा सुटतो, म्हणून त्याआधी ड्रम आत घ्यायचा होता. मला ऑफिसला उशीर होत होता. मी वॉचमनला माझ्या तमिळमध्ये सांगितलं, "इदु कायला. मूनु मणिक्कु एडुत्तुडुंगो." म्हणजे, हे वाळायला ठेवलंय, तीन वाजता उचला.

संध्याकाळी आले तर ड्रम नाही. त्या जागी निळी प्लास्टिकची बादली.

"हे काय?" मी विचारलं.

"मॅडम, तो नुसती छोटी टोपली देत होता," वॉचमन अभिमानानं म्हणाला. "मी भांडून बादली घेतली. झाकणासकट."

चेन्नईत भंगारवाल्याच्या दुकानाला 'कायलान कडै' म्हणतात. हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. पण मी 'कायला' म्हटलं की समोरचा 'कायलान' ऐकेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी सांगितलं होतं वाळायला. त्यानं ऐकलं भंगारात. आणि भंगारवाल्याची गाडी आमच्या गल्लीत रोज तीनलाच येते!

"वाळायला ठेवलं होतं हो ते!"

"मग तसं सांगायचं ना, मॅडम. 'काय वेच्चिरुक्केन', वाळत ठेवलंय, असं म्हणायचं."

बरोबर होतं त्याचं, म्हणून जास्त राग आला. नवऱ्याला सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "मुलीला फोन कर. व्याकरण तिचं आहे."

बुधवारी ऑफिसच्या आधी भंगाराच्या दुकानात गेले. दुकानदार पंख्याच्या जाळ्या मोजत होता. "भोकांचे स्टील ड्रम माझ्याकडे एक रात्र टिकत नाहीत," तो म्हणाला. "कोवलमची एक मासेवाली आहे. आलं की फोन कर म्हणून सांगून ठेवलंय तिनं. कालच घेऊन गेली."

मासेवाली! मामींच्या घरात कांदासुद्धा वर्षातले चार महिने येत नसे. मामी सोवळ्याला 'मडी' म्हणायच्या आणि ते इतकं कडक पाळायच्या की दूधवाल्यानं दारातल्या रांगोळीला पाय लावला तर पिशवी परत. मी रिक्षात बसून वहीत लिहिलं, 'कोवलम. रजा. मामींना काय सांगायचं?' तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. माझ्या वहीत सहसा प्रश्नचिन्हं नसतात.

गुरुवारी बसनं कोवलमला गेले, केरळातल्या नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेला तासाभरावर आहे त्या. होड्या आल्या होत्या, वाळूवर जाळी पसरली होती. मासेवाली शोधावी लागली नाही, माझाच ड्रम चमकत होता. दोन विटांवर उभा, आत धुवायला टाकलेली माकुळ मासळी, वरून पाण्याची नळी. फेल्टची पट्टी उपटून बाजूला टाकली होती.

"हा माझा ड्रम आहे," मी म्हटलं.

तिनं मला खालीवर पाहिलं. "अक्का, तुम्ही मासे विकता?"

"नाही."

"मग तुम्हाला कशाला हवा?"

मी ड्रायर, मामी, तिरुची, सोमवारचा ट्रक, सगळं सांगितलं. माझ्या तमिळमध्ये सांगायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात तिनं तीन गिऱ्हाइकं केली.

"कपडे वाळवायला मशीन?" ती शेजारणीकडे वळून म्हणाली. "या चेन्नईच्या उन्हात? ऐकलंस का गं?" दोघी खूप हसल्या. मग माझ्याकडे वळून, "पैसे नकोत. पैशानं मला असा दुसरा मिळतोय कुठं? यात धुतलं की वाळू आपोआप खाली जाते, माझी कंबर वाचते. याच्याइतका दुसरा आणा आणि हा घेऊन जा."

दुसरा ड्रम मिळायचं ठिकाण एकच होतं, माझं पार्किंग. सातांपैकी सहांचे ड्रम प्लास्टिकचे किंवा पत्र्यावर इनॅमल चढवलेले. खाऱ्या पाण्यात महिनाभरही टिकले नसते. स्टीलचा फक्त एकाचा. वरून कपडे घालायचं, जड बुडाचं, मला सर्वांत आवडतं मशीन. दीड वर्ष लावलं होतं मी त्याला. त्याचाच ड्रम मामींच्या ड्रायरला बसवता आला असता तर कोवलमचा प्रश्नच मिटला असता, पण धुण्याच्या मशीनचा ड्रम ड्रायरला बसत नाही. मधला दांडाच वेगळा असतो.

घरी आल्यावर दारातच मामी. "झालें का मा?"

"होतंय," मी म्हटलं. दुसरी चूक.

त्या रात्री मी माझं मशीन उघडलं. सोळा स्क्रू. प्रत्येकाची पुडी करून नाव घातलं, जसं काही मी ते परत लावणार होते. शुक्रवारी अर्धी रजा टाकून ड्रम मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं.

मासेवालीनं तो फिरवून पाहिला, भोकांतून बोट घातलं, वाजवला. "हा तर मोठा आहे! काल का नाही आणलात अक्का? उगीच दोन फेऱ्या."

मी माझा ड्रम उचलला. बोलले असते तर ते मराठीत झालं असतं.

शनिवारभर ड्रम घासला. चिंच, मग लिंबू, मग व्हिनेगर, मग साबण, मग पुन्हा चिंच. नवऱ्याला दर तासाला वास घ्यायला बोलावलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "आता मला तुझाही वास येतोय माशासारखा, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस." नवी पट्टी चिकटवली आणि या वेळी ड्रम आमच्या बेडरूममध्ये पंख्याखाली ठेवला.

ड्रम स्वच्छ झाला होता. प्रश्न तो नव्हता. न सांगता दिला असता तर मामींना कधी कळलंही नसतं, आणि त्या मडीचं लुगडं त्यात घालत राहिल्या असत्या. आणि सांगितलं तर ड्रायर तिरुचीला जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बारा वर्षं जपलेली वस्तू माझ्या एका अर्धवट शब्दामुळे भंगारात जाणार. रविवारी दुपारी पार्किंगमध्ये मशीन जोडलं, चालवलं, छान चाललं. तरी मी अर्धा तास पाना पुसत बसले. मग मामींच्या दारात गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. शब्द, वॉचमन, बादली, माकुळ.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मडीचें वस्त्र मशीनींत कोण घालतें मा? तें दोरीवर, घरांत, काठीनें. इतकीं वर्षें तसेंच. ह्यांत आम्ही टॉवेल वाळवीत होतों. पायपुसणीं."

"पायपुसणी?"

"पावसांत वाळत नव्हतीं म्हणून तर ह्यांनीं आणिलें. तूं विचारिलें नाहींस."

माझी चार दिवसांची झोप, माझा ड्रम, दोन किलो चिंच. मी विचारलं नाही. माझ्या चार पानांच्या यादीत 'यात काय वाळवता?' ही ओळ नव्हती.

त्या एक ओला टॉवेल घेऊन माझ्याबरोबर पार्किंगमध्ये आल्या. वीस मिनिटं आम्ही दोघी काचेतून तो फिरताना बघत बसलो. टॉवेल गरम निघाला. मामींनी तो चेहऱ्याला लावला, हुंगला, पुन्हा हुंगला आणि घडी घालून मांडीवर ठेवला. मग मुलीला फोन लावून तमिळमध्ये एवढंच म्हणाल्या, चालतंय, जागा कर.

सोमवारी ट्रकवाले आले. कपाट, पलंग, देवघर, पेट्या. मामी फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. ड्रायर उचलायला हमाल वाकले तशा त्या उठल्या.

"तें आतां नको. सगळ्यांत शेवटीं चढवा," त्या म्हणाल्या, आधी मराठीत, मग त्यांच्या लक्षात येऊन तमिळमध्ये. "तिथें पहिल्यानें उतरवायचें आहे."