लोर्ना त्वेटच्या स्वयंपाकघरातल्या तीन इयत्ता

लोर्ना त्वेट माझ्याकडे आली तेव्हा तिच्या गमबुटांना शेण लागलं होतं आणि ती उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. फेब्रुवारीतली सकाळ होती. अंगणात गुडघाभर बर्फ.

"बाई, मी इथंच उभी राहून बोलते. तुमची फरशी घाण होईल."

"फरशी पुसता येते. आत ये, दार उघडं ठेवून मला गारठवू नकोस," असं म्हणत मी तिला हाताला धरून आत घेतलं आणि कॉफी ठेवली.

त्वेटांचं शेत आमच्या टेकडीच्या पलीकडच्या उतारावर. चाळीस-पंचेचाळीस दुभत्या गाई, ओरिन आणि लोर्ना ही नवरा-बायको, आणि तीन मुलं: बारा वर्षांची सोल्वे, नऊ वर्षांचा आर्ने आणि पाच वर्षांची ब्रिटा. पश्चिम विस्कॉन्सिनमधल्या आमच्या भागात अशी घरं पुष्कळ. पण आदल्या ऑगस्टमध्ये लोर्नाने दोन्ही मोठ्या मुलांना शाळेतून काढलं, तिघांनाही घरीच शिकवायचं ठरवलं, आणि गावाला बोलायला विषय मिळाला. त्या बोलण्यात मीही होते. एकतीस वर्षं शाळेत शिकवून मी त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले होते. "मुलं म्हणजे काय लोणचं आहे का, घरच्या बरणीत घालून ठेवायला?" असं मी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी चारचौघींसमोर म्हणाले होते. ते तिच्या कानावर गेलंच असणार.

त्याहून वाईट म्हणजे सोल्वे तिसरीत माझ्याच वर्गात होती. तेव्हा तिच्या प्रगतिपुस्तकात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: मुलगी हुशार आहे, पण आळस करते.

लोर्नाने कपाला दोन्ही हात लावून ऊब घेतली आणि एकदम बोलायला लागली.

"माझं चुकलंय, बाई. मी टपालानं पुस्तकांचे तीन खोके मागवले. सहावीचा, चौथीचा, बालवर्गाचा. सगळं आखलेलं, कुठल्या दिवशी कुठलं पान तेही छापलेलं. मला वाटलं, आपण कॉलेजात गेलेलो नाही, तेव्हा शहाण्या माणसांनी ठरवलंय तसं करावं. आता सकाळी दूध काढून आलं की मी टेबलाभोवती नुसती फिरत असते. सोल्वेला सांगायला बसले की ब्रिटा खळीची बाटली उपडी करते. ब्रिटाला घेतलं की आर्नेचं सगळं संपलेलं असतं आणि तो सोल्वेच्या खांद्यावरून वाकून तिचा धडा वाचून दाखवतो. घडाघडा. सोल्वे उठते. कोट चढवते आणि गोठ्यात जाऊन वासरांपाशी बसते."

"आणि ओरिन काय म्हणतो?"

"तो म्हणतो, तुझ्यापेक्षा गाई बऱ्या, निदान एका वेळी एकच हंबरते."

आम्ही दोघी हसलो. मग तिचे डोळे भरून आले.

"माझ्याकडे कशाला आलीस, लोर्ना?" मी विचारलं. "मी त्या पोरीबद्दल काय लिहिलं होतं, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. पण तुमच्या वर्गात ती एक वर्ष होती. माझ्याखेरीज तुमच्याइतकं तिचं वाचन कुणी ऐकलेलं नाही. मला फक्त सांगा, ती कुठं अडते?"

मला तेही सांगता आलं नाही. तीस मुलांच्या वर्गात मी सोल्वेला वाचायला उभं करत असे, ती गप्प राहत असे आणि मी पुढच्याला उठवत असे.

दुसऱ्या दिवशी मी टेकडी उतरून त्यांच्याकडे गेले. नंतरही जात राहिले. आठवडाभर मी नुसती ऐकत बसले. सोल्वे शब्दाचं पहिलं अक्षर पाही आणि उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देई. अंदाज इतके चलाख असत की सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गणितं तोंडी घातली तर चटकन सोडवी, पुस्तकात वाचून सोडवायची म्हटली की अडे. आजकाल या त्रासाला डिस्लेक्सिया म्हणतात, हे लहान पोरांनाही माहीत असतं. तेव्हा, चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराला, आमच्याकडे त्याला आळसच म्हणत.

मे महिन्यात शहरातल्या एका सभागृहात घरी शिकवणाऱ्या आयांनी जुन्या पुस्तकांचा बाजार भरवला. लोर्नाने मला बरोबर नेलं. लांबच लांब टेबलं, त्यांवर पुस्तकांच्या चळती, टेबलांखाली खेळणारी पोरं. प्रत्येक बाई आपण वापरलेलाच संच कसा चांगला ते सांगत होती. एक म्हणे, सगळं पाठ करून घ्या. दुसरी म्हणे, काही करून घेऊ नका, मूल आपोआप शिकतं. लोर्नाचा चेहरा हळूहळू पांढरा पडत चालला.

एका टेबलामागे जाड भिंगांच्या चष्म्याची एक म्हातारी बसली होती. तिने सात मुलं घरी शिकवली होती. तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "कितवीचं हवंय?"

"कितवीचं ते कळेनासंच झालंय," लोर्ना म्हणाली.

म्हातारीने खुर्ची पुढे ओढली. "मग बस इथं. इयत्ता राहू दे. मुलं कशी आहेत ते सांग."

लोर्ना अर्धा तास बोलत होती. म्हातारीने मध्ये एकदाही पुस्तकाकडे हात नेला नाही. मग म्हणाली, "इतिहास, विज्ञान, गोष्टी, हे तिघांना एकत्र. एकच पुस्तक घे, तू मोठ्यानं वाच. मोठीनं मोठ्यांसारखं ऐकावं, धाकटीनं चित्रं काढावीत. गणित ज्याचं त्याला. आणि वाचन ज्याचं त्याला, पण एकमेकांसमोर नाही."

सोल्वेसाठी तिने जी वाचनमाला दिली ती अक्षराच्या आवाजापासून सुरू होणारी होती. पहिल्या पुस्तकावर पिवळी बदकं होती आणि पाच ते सात वर्षे असं ठळक छापलेलं होतं.

गाडीत लोर्ना ते पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. "बारा वर्षांच्या मुलीच्या हातात बदकं कशी द्यायची, बाई?"

शेवटी आम्ही दोघींनी मिळून एक युक्ती काढली. सोल्वेला सांगायचं की ब्रिटाला वाचायला शिकव, आईला वेळ नाही. ब्रिटाला शिकवता शिकवता तीही शिकेल. आम्हाला आमच्या हुशारीचं मोठं कौतुक वाटलं.

सोल्वेने ती युक्ती चार दिवसांत ओळखली. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा लोर्ना भांडी घासत होती. सोल्वेने येऊन बदकांचं पुस्तक ओट्यावर ठेवलं.

"आई, हे ब्रिटासाठी नाहीये ना?"

लोर्नाने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे.

"नाही," लोर्ना म्हणाली. "तुझ्यासाठी आहे."

"मग तसं सांगायचं ना! मला काय कळत नाही का? ब्रिटाला धड बसताही येत नाही, उगाच तिच्यामागे लपवताय." तिने पुस्तक ओट्यावरून पुन्हा उचललं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी करते. पण तू शिकव. आणि आर्ने घरात असताना नाही."

लोर्नाने साबणाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. सोल्वे तेव्हाच आईच्या खांद्यापेक्षा उंच होती.

त्या दिवसापासून सकाळचं दूध काढून झालं की ओरिन आर्नेला वासरांना दूध पाजायला पाठवायचा, ब्रिटा अजून झोपलेली असायची, आणि मायलेकी गोठ्यालगतच्या दुधाच्या टाकीच्या खोलीत दोन उलट्या बादल्यांवर बसायच्या. रोज वीस मिनिटं. बदकं दिसू नयेत म्हणून लोर्नाने पुस्तकाला पशुखाद्याच्या पिशवीच्या जाड कागदाचं कव्हर घातलं होतं. कधी सोल्वे पुस्तक भिरकावून द्यायची. कधी लोर्नाच ओरडायची आणि मग माझ्याकडे येऊन रडायची. एकच धडा अकरा दिवस चालला. दुपारी मात्र तिघं एकत्र बसत आणि लोर्ना वाचून दाखवी. समुद्रावरचे खलाशी, ज्वालामुखी, जुने राजे. तेव्हा सगळ्यांत अवघड प्रश्न सोल्वेच विचारायची. आर्ने तोंडाचा आ करून बहिणीकडे बघत राहायचा. पहिलं वर्ष संपेपर्यंत त्याने खांद्यावरून वाचणं बंद केलं होतं. त्याला कुणी रागावलं नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि दोन आठवडे मला वाचायची मनाई होती. सोल्वे रोज स्कीवरून टेकडी ओलांडून यायची, माझं टपाल उघडायची आणि वाचून दाखवायची. ओळीखालून सरकणारं तिचं बोट मला कागदावर ऐकू यायचं, सावकाश. अडली की थांबायची, अक्षरं जुळवायची आणि पुढे जायची. अंदाज एकही नाही. मिनिआपोलिसहून आलेलं माझ्या बहिणीचं चार पानी पत्र वाचायला तिला सव्वा तास लागला. बहिणीचं अक्षर तर मलाही लागत नाही.

पत्र संपल्यावर मी म्हटलं, "सोल्वे, तिसरीत मी तुला आळशी लिहिलं होतं. ते खोटं होतं. मला कळलं नव्हतं. माझं चुकलं."

डोळ्यांवर पट्टी असल्याने मला तिचा चेहरा दिसला नाही. तिने पत्राची घडी घातल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मलाही वाटायचं बाई, की मी आळशीच असेन. म्हणून मी गोठ्यात जास्त काम करायची."

 तिने उठून माझ्यासाठी कॉफी गरम केली.

सोल्वे कधीच भरभर वाचणारी झाली नाही. आता ती चीज बनवते, तिचं स्वतःचं छोटं दुकान आहे, आणि हिशेबापासून नियमांच्या पुस्तकांपर्यंत सगळं स्वतः वाचते, हळूहळू. आर्ने घरातूनच थेट विद्यापीठात गेला. ब्रिटाची गोष्ट वेगळी झाली. चौदाव्या वर्षी ती जेवणाच्या टेबलावर म्हणाली, "आई, मला शाळेत जायचंय. मला बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचाय. आणि मला मैत्रिणी हव्यात, गाई नकोत."

लोर्नाला ते लागलं. तीन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने स्वतःच शाळेत फोन करून नाव घालायला काय काय लागतं ते विचारलं. मी म्हटलं, "बघ हं, गाव म्हणेल, लोर्ना थकली."

"म्हणू दे. सोल्वेला घर हवं होतं, हिला बँड हवाय. मी काय तिघींना एकाच मापाचा कोट शिवू? तिघांना," तिने स्वतःच सुधारलं आणि हसली.

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली त्या सकाळी शाळेची पिवळी बस वळणावरून खाली गेली आणि पाच मिनिटांत लोर्ना माझ्या दारात. स्वयंपाकघर इतकं रिकामं वाटलं की तिला तिथं थांबवेना. आम्ही पायरीवर उन्हात बसलो. ती ब्रिटाबद्दल बोलत राहिली, डबा कसा विसरली, केस कसे तीनदा विंचरले. बोलता बोलता तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तिचा हात हातात घेतला, आणि दुपारची बस परत येईपर्यंत काय काय करता येईल ते आम्ही दोघी ठरवू लागलो.