ढोलाशेजारी झोपणारा मुकादम

"मिल हाय ही, मठ न्हाई!" मालक ओरडत होते, तेही चालू मशीनच्या वर आवाज चढवून. "म्हणे शांतता पाहिजे! उद्या गादी मागशील!"

समोर महादप्पा अप्पा, मान खाली घालून. लातूरच्या आमच्या डाळमिलमध्ये ते तुरीचे नमुने तपासायचे. एक दाणा दाताखाली धरला की ओल सांगायचे. मागणं एवढंच होतं — टेबल मशीनजवळून उचलून मागच्या खोलीत न्यावं. खडखडाटात हात कापतात, डोकं भणभणतं, दाण्याचा अंदाज येत नाही.

मी बाजूलाच होतो. हमालांचा मुकादम. त्यानंतर जे झालं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला काय नाही सांगितलं मी? रेणापूरच्या शिवारात अस्वलाशी कुस्ती केली, हेसुद्धा सांगितलं. अस्वल पडलं, असंही. पण हे नाही.

माझा आवाज म्हणजे — मी लातुरात खाकरलो तर उदगीरच्या स्टेशनात गाडी थांबावी. सगळी मिल मला वाघ म्हणायची. आणि हा वाघ रोज दुपारी काय करायचा? पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन दोन्ही कानांत बोटं घालून बसायचा. कुणी हमालावर खेकसलं तर ते माझ्या पोटात तीन दिवस राहायचं. एकदा तर रडलो — का, ते आता आठवतही नाही. मग डोळे पुसायचे, बाहेर यायचं आणि दुप्पट आरडाओरडा करायचा. कळू नये म्हणून.

एका माणसाला कळलं होतं. अप्पा एकदा थप्पीमागं आले. मला पाहिलं, पाण्याचा गिलास ठेवला आणि गेले.

आणि आता मालक माझ्याकडं वळले. "काय मुकादम, तुला होतो का तरास ह्या आवाजाचा?"

अप्पांनी मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं — मी एक 'होय' म्हणालो असतो तर टेबल हललं असतं. मालक माझं ऐकायचे. हे मला ठाऊक होतं. तेव्हाही.

"मला?" मी म्हणालो. "मालक, मी ढोलाशेजारी झोपतो! लग्नात वाजंत्री थांबली की जाग येती मला. नाटकं हायेत ही, अप्पा लई नाजूक!"

हमाल खो-खो हसले. मीही. सगळ्यांत जोरात कोण हसलं असेल, सांगायला हवं का?

टेबल तिथंच राहिलं. दोनच महिन्यांत अप्पांनी ओली तूर कोरडी म्हणून पास केली. पहिल्यांदाच. मालकांनी सगळ्यांसमोर झापलं आणि दुसऱ्या दिवसापासून अप्पा आले नाहीत.

यंदा उदगीरला गेलो होतो. एका गल्लीच्या टोकाला अप्पांचं बियाण्यांचं छोटं दुकान आहे. पंख्याचाही आवाज नाही. शेतकरी ओट्यावर बसून हळू बोलतात, अप्पा तळहातावर दाणे घेऊन निवांत बघतात. हात अजिबात कापत नाही.

मालकांपुढं मी खोटं बोललो, हे मी अप्पांना सगळं सांगून टाकलं. मग विचारलं, "त्या दिवशी मालकांना माझं थप्पीमागचं का न्हाई सांगितलं? टेबल मिळालं असतं तुम्हाला."

"ते तुमचं हुतं," अप्पा म्हणाले. "मी कशाला सांगू?"