सगळ्यांचं मिळून एक हो

ये, असा जवळ ये. आणि आधी तो फोन बाजूला ठेव. कागदावर लिहितेय आणि जवळ ये काय म्हणतेय, असं म्हणशील. म्हण. पण फोनवर तुला काही सांगायला गेलं की तू नुसता हं हं करतोस आणि मला तुझ्यापेक्षा मागे चाललेल्या मॅचचा आवाज जास्त ऐकू येतो. परवा बोलता बोलता मी मुद्दाम म्हटलं, "आपली गाय माडावर चढलीय." तर म्हणालास, "हं, बरं झालं." काय बरं झालं रे? एवढा मुंबईला राहिलास, कामाला लागलास, आणि आईचं एक वाक्य धड ऐकता येत नाही तुला.

म्हणून लिहून काढलं. वाचताना तरी हं म्हणता येत नाही.

तुझ्या बायकोच्या शाळेतल्या पाठाचं सांगायचंय. तिने तुला सांगितलं असेल, "झाला, बरा झाला." तिचं सांगणं तेवढंच. मी सगळं बघितलंय, खिडकीचे गज धरून उभी होते मी.

मी काही शाळेत गेलेली बाई नव्हे, तुला ठाऊक आहे. तू चुलीपुढे बसून पहिलीचं पुस्तक वाचायचास आणि मी समोरून भाकरी थापता थापता बघायचे, तेवढीच माझी शाळा. त्यामुळे अजून काही अक्षरं मला उलटी धरली तर जास्त ओळखीची वाटतात. तेव्हा शिकवण्यातलं मला कळतं असं मी म्हणत नाही. पण माणूस धास्तावलेला कळतो. आणि पौष महिन्यापासून आम्ही दोघीही धास्तावलेल्या होतो.

त्याचं झालं असं. शाळा आपल्या खळ्यापासून दोन दगडी गडग्यांपलीकडे. वर्गात ही विचारायची, "कळलं का?" आणि सगळी पोरं एका सुरात, "होऽऽय बाई!" तो आवाज इथे पडवीत यायचा. मला तर अभिमान वाटायचा. घाटावरची पोर, आपली बोली तिला धड येत नाही, आणि बघा पोरं कशी जीव तोडून हो म्हणतात! मी शेजारणीला सांगायचे सुद्धा.

मग एक दिवस केंद्रप्रमुख आले. आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करतात ना, ते साहेब. चौथीच्या वर्गात मागे बसले. हिने गणित शिकवलं, विचारलं, पोरांनी होऽऽय केलं. साहेबांनी एकाला उभा करून तेच विचारलं, तर तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. दुसऱ्याला उभा केला, तो वाशांकडे. साहेब रागावले नाहीत रे, तेच वाईट. म्हणाले, "बाई, वर्ग हो म्हणतो. मुलं म्हणत नाहीत." आणि जाताना सांगून गेले, शिमग्यानंतरची शिक्षण परिषद तुमच्या शाळेत, नमुना पाठ तुम्हीच द्या. म्हणजे सगळ्या शाळांचे गुरुजी नि बाया मागे बसणार आणि ही पुढे शिकवणार.

त्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही. कुळथाची पिठी केली होती, ती तशीच गार झाली. म्हणाली, "आई, मला शिकवायलाच येत नाही. इतके दिवस मी एकटीच शिकवत होते आणि एकटीच शिकत होते."

मध्ये तिचं रत्नागिरीला प्रशिक्षण झालं. सकाळच्या एसटीने जायची, दिवेलागणीला यायची, आणि आली की पाय धुतानाच सुरू. आई, कळलं का असं विचारायचंच नाही म्हणे. आई, एकेका पोराला विचारायचं. आणि प्रश्न विचारला की गप्प राहायचं, उत्तर आपण द्यायचं नाही. थांबायचं.

तिथेच तर सगळं अडलं. तुझ्या बायकोला गप्प राहता येतं का? विचारते तीच, उत्तर देते तीच, आणि तू तोंड उघडण्याआधी तुझं वाक्यही तीच पुरं करते. मग तिने मला धरलं.

"आई, तुम्ही वर्ग व्हा."

"अगो, मी चिंचा फोडतेय."

"फोडा. वर्गात पोरंही काहीतरी फोडतच असतात."

पाटीवर तिने एकाखाली दोन लिहिलं, एकाखाली चार लिहिलं. अर्धा आणि पाव. बाजारात मला अर्धा किलो, पाव किलो कळतं, त्यात कुणी मला फसवून दाखवावं. पण ते असं एकाच्या डोक्याखाली चार ठेवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ती बोलत गेली, बोलत गेली, आणि विचारलं, "कळलं?"

मी म्हटलं, "हो."

"मग सांगा बघू, ह्यातला मोठा कुठला?"

मी चारवाल्यावर बोट ठेवलं. चार मोठे नाहीत का दोनापेक्षा?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग हो का म्हणालात?"

आता काय सांगू? तुझे बाबा होते तेव्हा त्यांनी विचारलं तरी हो, डॉक्टर बोलले तरी हो, बँकेतली पोरगी घडाघडा काही सांगते, तिलाही हो. हो म्हटलं की समोरचा माणूस पुढे जातो आणि आपली सुटका होते. मी तिला म्हटलं, "अगो, तुझा चेहरा बघून म्हटलं. तू एवढी दमलीस सांगताना, नाही कसं म्हणू?"

ती हसली नाही. म्हणाली, "पोरंही तेच करतात, आई."

रोज संध्याकाळी आमची शाळा भरायला लागली. ती विचारायची आणि ओठ आत दाबून थांबायची. मला सुचायचं नाही. मी चिंचोके मोजत बसायचे. तिला धीर धरवायचा नाही, की लागली सांगायला. "गेलं बघा पुन्हा!" म्हणून कपाळावर हात मारून घ्यायची. आणि एकदा असंच झाल्यावर पाटी भिंतीला टेकवून म्हणाली, "हा पाठ फुकट गेला ना, तर मी राजीनामा देते. मे महिन्यात जाते तुमच्या लेकाकडे. ते तरी कधीपासून म्हणतायत, अजून कायम झालेली नाहीस, सोड."

तेव्हापासून माझी झोप गेली. देवाला म्हणायचे, पाठ चांगला होऊ दे. आणि लगेच वाटायचं, हे कुणासाठी मागतेय मी? तिच्यासाठी, की ह्या घरात माणसाचा आवाज राहावा म्हणून? तिने नवऱ्याजवळ राहू नये असं कुठली सासू म्हणेल? मग ते मागणं मी अर्ध्यावर सोडायचे.

त्यात शिमगा आला. पालखी घरोघर फिरते तेव्हा पोरं शाळेत कुठली राहायला? तीही पालखीमागे. वर्गात चार डोकी. हिचा सराव कोणावर व्हायचा? देवासमोर गावकार गाऱ्हाणं घालतो, 'बारा गावच्या, बारा वाटेच्या' म्हणत, आणि दर वाक्याला सगळी माणसं "होय महाराजा!" म्हणतात, ते तू लहानपणी केवढ्याने ओरडायचास. हीही उभी होती माझ्याशेजारी. मला हळूच म्हणाली, "आई, इथे मोठी माणसंच सगळ्यांचं मिळून एक हो म्हणतात. मी पोरांना काय सांगू?"

पाठाच्या दिवशी मी कोकमाचं सरबत घेऊन गेले, पाहुण्यांसाठी. ते ठेवून परत यायचं होतं, पण पाय निघेना. व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले. मागच्या बाकांवर गुरुजी, बाया, मध्ये साहेब. हिने मोरपंखी साडी नेसलेली.

फळ्यावर अर्धा, पाव लिहिलं. विचारलं, "ह्यातला मोठा कुठला? का?" आणि थांबली. पोरं एकमेकांकडे बघतायत. मागून कोणीतरी खोकलं. मी मनात म्हणतेय, थांब गो, थांब. पण नाही. सुटलीच. "चार भाग केले म्हणजे तुकडे लहान होतात, म्हणून अर्धा मोठा. कळलं का?"

तोंडातून निघून गेलं. आणि पहिल्या रांगेतला एक वांड पोरगा, शिमग्याची धुंदी अजून उतरली नव्हती त्याची, ओरडला, "होय महाराजा!" की सगळा वर्ग एका सुरात, "होय महाराजा!"

पाहुणे हसले. साहेब सुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले. मी गज घट्ट धरले. संपलं, म्हटलं. मे महिना मला समोर दिसला.

ती फळ्याशी उभी, खडू हातात. शिकवल्याप्रमाणे थांबली होती की तिचे शब्दच गेले होते, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही नाही. विचारायचा धीर झाला नाही. पण पोरांचं हसणं हळूहळू ओसरलं आणि वर्ग असा शांत झाला, की बाहेर खारोटी ओरडत होती ती ऐकू आली.

तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी, खालच्या वाडीतली, जी नाव विचारलं तरी मान खाली घालते, बसल्या जागेवरून म्हणाली, "बाई, कळलां नाय."

"काय नाही कळलं गं?"

"चार मोठे ना? मग ता लहान कसां?"

मला वाटलं, आता ही सांगणार. हिने ओठ आत दाबले. वर्गाकडे बघितलं. मग तोच वांड पोरगा उठला. "अगो, एक कलिंगड हाय. दोघांत खाल्लां तर तुला जास्ती गावंल की चौघांत?"

मुलीने विचार केला. "दोघांत."

"आणि मुंबैसून चुलत्याची पोरां आली तर?"

"मग साल!" असं ती इतक्या ठसक्यात म्हणाली की साहेबांचा रुमाल पुन्हा तोंडाला गेला. पण ह्या वेळी पोरं नुसती हसली नाहीत. आमच्याकडे आठ जण येतात, आमच्याकडे फणसाचं असंच होतं, असा एकच गलका. ती मुलगी उठून फळ्याशी गेली आणि अर्ध्यावर बोट ठेवलं.

जाताना साहेब म्हणाले, "पाठ ठरवल्यासारखा झाला नाही. पण त्या मुलीला महिन्याने परत विचारा." हे चांगलं की वाईट, तूच सांग. आम्ही दोघी घरी येईपर्यंत तेच उलटंपालटं करत होतो.

आता ऐक, म्हणजे वाच. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. मी तिथेच बसले होते. तू म्हणालास, "झालं ना एकदाचं? आता मेमध्ये ये. इकडे शाळा बघून ठेवलीय. राजीनामा लिहून टाक, कळलं ना?"

ती म्हणाली, "हो."

मी तिचं तोंड बघितलं रे. चौथीचा अख्खा वर्ग होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं मोठं कलिंगड पिशवीत घालून शाळेत घेऊन गेली. राजीनामा लिहिला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं, "तुला जायचंय का गो?" तर म्हणते, "तुम्ही दोघं म्हणाल तसं." हेही होच की नाही?

म्हणून सांगते, मे महिन्याची वाट बघू नकोस. ह्या नाहीतर पुढच्या शनिवारी गाडी धर आणि ये. पडवीत तिच्यासमोर बस, विचार, आणि विचारून झालं की गप्प राहा. हं करू नकोस, मध्ये उत्तर देऊ नकोस. ती बोलेपर्यंत थांब. काय बोलेल, त्याची मला धास्ती आहे. जाते म्हणाली तर चालेल मला. नाही, चालणार नाही, पण मी ऐकेन.

ये लवकर. परसातलं शेवटचं कलिंगड तुझ्यासाठी राखून ठेवलंय. मुंबईकर आला म्हणजे आमच्या वाट्याला सालच येणार. येऊ दे.