उष्ट्या लेन्स

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. नवऱ्यालेही नाही. तुम्हाले सांगून राहिली, तर मधात टोकू नका — एकदा थांबली तर पुन्हा तोंडातून निघणार नाही.

रायपुरात माहं पार्लर आहे, घरातल्याच समोरच्या खोलीत. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, अर्ध्या पोट्ट्या माह्याच हातून नवऱ्या झाल्या. आजकाल मेकअपसोबत रंगीत लेन्स पाहिजेच असतात, काळे डोळे म्हणे फोटोत उठून दिसत नाहीत! आता लेन्स ज्याच्या त्याच्या असतात, एकीच्या डोळ्यातल्या दुसरीले घालायच्या नसतात — हे मले माहीत नव्हतं काय? होतं की. पण मी एकच ब्राउन जोडी ठेवायची, सोल्युशनमध्ये बुडवायची, अन् पुढच्या नवरीले घालायची. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्या साली शहरात घरोघरी डोळे आले होते. अभनपूरची एक नवरी आली, तिचे डोळे लाल, पाणी गळून राहिलं. "दीदी, सुबह से रोना आ रहा है," म्हणाली. बाप्पा, रडलेले डोळे अन् आलेले डोळे मले ओळखू येत नाहीत? तरी मी मान डोलावली, अन् लेन्स घातल्या.

दुसऱ्या दिवशी मीनल होती. शेजारच्या वंदनाताईची पोट्टी, माह्या अंगाखांद्यावर वाढलेली. पंडरीच्या बाजारात जाऊन नवीन जोडी आणता आली असती. पण कंटाळा आला. हो, कंटाळा — दुसरं काही कारण नाही. तीच जोडी तळहातावर चोळली, सोल्युशननं धुतली, अन् मीनलले म्हटलं, वर पाह्य बेटा.

लग्नाले पंधरवडाही झाला नसन, तिचे डोळे सुजून बंद झाले. लाली गेली, पण बुबुळावर पांढरे ठिपके राहिले. अक्षरं धुरकट दिसत, दिवा पाहिला की उजेड फुटे. ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची, ते काम सुटलं. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू साध्या सोल्युशननं मरेलच असं नाही, आलेल्या डोळ्यातल्या लेन्स फेकूनच द्याव्या लागतात. मीनलनं त्यायले काय सांगितलं होतं? लेन्स नवीन होत्या. तिले तसंच वाटत होतं.

एवढंच असतं तर... नाही, एवढंच नाही.

सासरचे म्हणायले लागले, पोट्टीच्या डोळ्यात आधीपासून खोट होती, तुम्ही लपवली. वंदनाताई घाबरली. मीनलच्या सासरी बोलायले जायचं होतं, तर मले म्हणाली, "तू चाल संगं, मले एकटीले नाही जमत." मी गेली. चहा आला. मीनलची सासू माह्याकडं वळली, "आपने तो एकदम पास से देखा था, दीदी. आँखें पहले से लाल थीं क्या?"

काय सांगायचं होतं मी? एका शब्दाचं काम होतं — नाही. पण मंग लेन्सवर गोष्ट आली असती. पार्लर बुडालं असतं. तोंडातून निघून गेलं, "हाँ... लाल तो थीं."

वंदनाताईनं माह्याकडं पाहिलं. रागानं नाही वो माय, रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं! तिनं माहं खरं मानलं. अन् उठून, पदर सावरून, त्या बाईपुढं हात जोडले, माफ करा म्हणाली. मी कप हातात धरून बसून राहिली.

मीनल आता माहेरीच असते. मले माही किळस येते, तरी तिच्या हातचं पाणी पिऊन येते मी त्या घरी. परवा बाजूले येऊन बसली. म्हणाली, "काकी, आपने तो सच बोला था. मेरी ही आँखें खराब रही होंगी, मुझे पता नहीं चला."

मी मान डोलावली अन् म्हटलं, "हव."