घरातला शॉक अॅब्झॉर्बर

लागोपाठच्या दुष्काळात गावाकडच्या विहिरीने तळ दाखवला, तेव्हा मी पत्नीसह चिकलठाण्याला धाकट्या भावाच्या दोन खोल्यांत राहावयास आलो. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात मोटारसायकलींचे शॉक अॅब्झॉर्बर तपासत असे. यंत्र प्रत्येक नग पुनःपुन्हा दाबी. जो दाब सोसून वर येई, तोच पुढे जाई. हे तो मला मोठ्या अभिमानाने समजावून सांगे.

पुढे तो शब्द त्याने स्वतःलाच लावून घेतला. मोसंबीची बाग वाळली, जनावरे छावणीत गेली, नव्या रस्त्यात गावच्या घरापुढचे अंगण गेले. प्रत्येक वेळी तो हसून म्हणे, "दादा, तुम्ही निवांत पूजेला बसा. घरात शॉक अॅब्झॉर्बर हाय ना." पाठशाळेत मी तितिक्षेचा, म्हणजे विलाप न करता दुःख सोसण्याचा, पाठ घेतला होता. ती तितिक्षाच मला आता धाकट्याच्या तेलकट कपड्यांत घरात वावरताना दिसे, आणि मी देवापुढे कृतज्ञतेने हात जोडी.

त्याच उन्हाळ्यात त्याचा एकुलता मुलगा तापाने गेला. भेटीला येणाऱ्यांसाठी धाकट्यानेच टँकरवरून पाणी आणले, माझ्या औषधाची आठवण ठेवली आणि सुतकाचे दिवस संपताच तो कामावर गेला.

एके दुपारी भावजय दाराआडून म्हणाली, "भाऊजी, रागावू नका. हे अजून रडले नाईत. थोरल्यांपुढं कसं रडतील? तुम्ही जरा बाहेर बसता का?"

धाकट्याने थोरल्यासमोर गाऱ्हाणे मांडू नये, ही आमच्या घरची रीत. वडील गेले तेव्हाही तो गोठ्यात जाऊन रडला होता. इथे गोठा नव्हता.

त्या संध्याकाळी तो कामावरून परतताच, देवळात जातो असे सांगून मी पत्नीला घेऊन बाहेर पडलो. तिला पुढे पाठवले आणि स्वतः मागच्या भिंतीशी, पाण्याच्या कोरड्या टाकीजवळ बसलो. माळ हातात होती, पण जप सुचत नव्हता. आत भावजयीने मुलाचे नाव घेतले. थांबून पुन्हा घेतले. मग रडणे ऐकू आले, ते तिचेच. धाकटा नेहमीच्या शांत आवाजात तिची समजूत घालत होता.

"गप. दादा येतील आता."

अंधार पडला, तरी मला उठून आत जाता येईना.