भावोजींचे कण आणि आईंची खोली

रविवार, सकाळ. नायगावातल्या चाळीतली आमची खोली, चावी परत करायचा दिवस. हजर: सासूबाई, माझे यजमान, मी आणि माझे धाकटे दीर. पैकी तिघं सामान बांधत होतो. चौथे खोलीभर गोल फिरत होते.

एकाच वस्तूकडे इतक्या बाजूंनी बघणारा माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा नसेल. भावोजी पापलेट घेतानाही टोपलीला वळसा घालतात. "दादा, प्रदक्षिणा झाली असंल तर कापू का?" कोळीण विचारते. त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा भावोजींनी तिला "जरा खिडकीकडे वळता का?" म्हटलं, ती वळली आणि सरळ आत निघून गेली. दोष नोकरीचा. धातूचे, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे कण ते इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली थोडे थोडे तिरके करत टिपतात आणि त्या फोटोंतून संगणकावर कणाचा घन आकार उभा करतात. त्यात कणावर वायू सोडलेला, म्हणजे तांब्याचा कण डोळ्यांदेखत काळवंडत असतो. "फोटोंची फेरी पुरी व्हायच्या आत तो बदलला, की सगळं धुकं, वहिनी," हे मी भाजी निवडताना इतक्यांदा ऐकलंय, की परीक्षेलाही बसेन.

त्या दिवशी त्यांना खोली आईंसकट अशीच संगणकावर उभी करून ठेवायची होती. संध्याकाळनंतर ती मिळणार नव्हती. मी खोकी, सुतळी, चिकटपट्टी मांडून बसलेली आणि भावोजी मोरीपासून फोटो काढत सरकतायत.

"आई, हलू नको."

"माका काय नवरी म्हणान बघतंस? सर बाजूक, डबे बांधूचे आसत!"

आठवड्याने त्यांनी पडद्यावर खोली फिरवून दाखवली. फळीचा खिळा, फोडणीचा डाग, देव्हाऱ्यावरची काजळी, सगळं जिथल्या तिथे. ओट्यापाशी तेवढं काहीतरी पांढुरकं.

"आणि मी खंय?"

"तू हललीस, आई."

"मगे? सामान काय चालत इला असता?"

 एरवी तासभर समजावणाऱ्या भावोजींनी ते पांढुरकं हळूहळू फिरवून पाहिलं, सगळ्या बाजूंनी.

खोलीला आता दुसऱ्यांचं कुलूप आहे. निदान आईंची तरी एक फेरी पुरी व्हावी, म्हणून भावोजी दर रविवारी कॅमेरा घेऊन नव्या घरी येतात. आई खुर्चीत बसतात, पदर सारखा करतात आणि अर्ध्यावरच "झिलाक चाय तरी ठेवतंय" म्हणत लेकाच्या चहासाठी उठतात. ती फेरी अजून व्हायचीच आहे.