वाळवंटावरचा उलटा बाण

शकुंतला नाडगीर यांच्या वर्गातल्या प्रत्येक प्रतिकृतीत एक चूक असते. ती मुद्दाम केलेली असते. सोमवारी प्रतिकृती टेबलावर येते, आठवडाभर मुलं चूक शोधतात, शनिवारी बाई ती दुरुस्त करतात. शोधणाऱ्याला पेन्सिल मिळते. धारवाडशेजारच्या शहरात, लॅमिंग्टन रोडवरच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं भूगोल असा चालला आहे.

बाई रायापूरला राहतात. दाजीबानपेठेतल्या कापडाच्या दुकानांतून रिकामी खोकी आणायची, भिजवायची, त्या लगद्यात वाटलेली मेथी घालायची, म्हणजे कीड लागत नाही. त्यांची आई अशा लगद्याच्या टोपल्या करायची. बाई डोंगर करतात. सह्याद्रीचे कडे, त्रिभुज प्रदेश, ज्वालामुखी असे चौदा नमुने वर्गात आहेत. त्यांच्या जवळ गेलं की मेथीचा वास येतो.

दोन वर्षांपूर्वी यातले चार नमुने मुख्याध्यापक पद्मनाभ करगुप्पीकर यांनी जिल्ह्याच्या प्रदर्शनात नेले. पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रातल्या फोटोत पाटी स्पष्ट वाचता येत होती : ‘संकल्पना व निर्मिती : पद्मनाभ करगुप्पीकर’.

बाई त्यांच्या खोलीत गेल्या.

“अहो बाई, शाळेचंच नाव झालं की. तुमचं-माझं काय असतंय त्यात?”

“मग पाटीवर शाळेचं नाव घालायचं होतं, सर.”

“तुम्हाला भाषण करता येत नाही हो. लोकांसमोर उभं कोण राहणार?” सर हसले. शेजारी बसलेले दोन शिक्षकही हसले. ती दोन नावं बाई अजून सांगतात.

या जानेवारीत धारवाडला मोठं प्रदर्शन भरलं. सरांनी वाळवंट मागितलं. बाई “करते की” म्हणाल्या.

शिपाई रामू चिडला. “अक्का, परत त्यांनाच देताय?”

“देते. आणि या वेळी त्यांचं नावही मीच लिहिते.”

फोटोतल्याच शब्दांची पाटी त्यांनी सुवाच्य अक्षरात रंगवली. वाळवंटात बारखाण होती, म्हणजे वाऱ्यानं तयार होणारी चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी. वारा तिच्या फुगीर पाठीवर येतो आणि शिंगं वारा जातो त्या बाजूला निघतात. शेजारी वाऱ्याची दिशा दाखवणारा निळा बाण टाचणीवर बसवला होता. आठवड्याची चूक म्हणून तो उलटा होता. सर सोमवारीच वाळवंट घेऊन गेले. बाईंच्या वर्गात ते कधी बसले नव्हते. शनिवारची दुरुस्ती त्यांना ठाऊक नव्हती. बाईंनीही सांगितली नाही.

बुधवारी आठवीची मुलं प्रदर्शन बघायला गेली. बाई बरोबर होत्या. परीक्षक वाळवंटापाशी उभे होते आणि सर बोलत होते. पल्लवी नावाची मुलगी टेबलाभोवती एक चक्कर मारून आली.

“सर, बाण उलटा आहे की!”

“नाही बाळ, बरोबर आहे. वारा असाच येतो.”

“शिंगांच्या बाजूनं? मग शिंगं मागं कशी निघाली, सर?”

“मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.”

परीक्षकांपैकी एक बाई खाली वाकल्या. “मुलगी बरोबर बोलते आहे. तुम्हीच केलंत ना हे?”

सरांनी मागं पाहिलं. “तसं म्हणजे... हे शकुंतलाबाईंनी केलंय. चूक त्यांचीच असणार.”

दोन वर्षं ज्या नावासाठी बाई थांबल्या होत्या, ते चारचौघांत उच्चारलं गेलं, तेही चुकीबरोबर. सरांचा स्वभाव त्यांना माहीत होता. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

“काय लिहिलंय ते वाचा, सर. मोठ्यानं वाचा. भाषण तुम्हाला येतं.”

पल्लवीनं वाचलं, खणखणीत आवाजात.

मग बाईंनी टाचणीवरचा बाण दोन बोटांनी फिरवला आणि पर्समधून पेन्सिल काढून पल्लवीला दिली.

बक्षीस मिळालं नाही. तोवर दुसऱ्या शाळांच्या शेकडो मुलांनी उलटा वारा पाहून घेतला होता. त्याचं काही वाटतं का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, “वाटतं. पण पुन्हा तसंच करीन.”

वाळवंट आता वर्गात आहे. चौदा नमुन्यांखाली बाईंचं नाव आहे, पंधराव्याखाली ती पाटी तशीच. सरांनी दोनदा ती काढायला सांगितलं. वाळवंटाचा धडा आला की बाई बाण उलटा करतात, मुलांना चूक शोधायला सांगतात आणि आधी पाटी वाचून घेतात.